विश्लेषण : मंगळावर जीवसृष्टीचा पुरावा सापडला का?

मंगळावरील एका खडकातील ठिपके प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकतात, असे ‘नासा’ने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र त्याची खातरजमा रखडली आहे.

काय सापडले?

‘पर्सिव्हरन्स’ बग्गी २०२१ पासून जेझेरो विवराच्या परिसरात फिरत आहे. जुलै २०२४ मध्ये तिने एका कोरड्या नदीपात्रातील ‘चेयावा फॉल्स’ या खडकाचा नमुना घेतला. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके होते. त्यांत व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही लोहयुक्त खनिजे असावीत, असे बग्गीवरील उपकरणांच्या नोंदी सांगतात. खडकात सेंद्रिय कार्बनही आढळला.

मग शंका कशाची?

पृथ्वीवर ही खनिजे अनेकदा गाळातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. पण निव्वळ रासायनिक क्रियेतूनही होऊ शकतात. त्यासाठी बहुधा जास्त तापमान लागते आणि हा खडक तसा तापल्याच्या खुणा नाहीत. तरीही कमी तापमानात अशी क्रिया घडलीच नसेल, असे म्हणता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ ‘संभाव्य खूण’ एवढेच म्हणतात.

निर्णय कधी?

नमुना पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तपासल्यावरच. तो नळीत बंद होऊन मंगळावरच आहे. असे नमुने आणण्याचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज २०२४ मध्ये पुढे आला. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती मोहीमच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. चीनची ‘तियानवेन-३’ मोहीम २०२८ च्या सुमारास निघून मंगळाची माती आणणार आहे. पण ती दुसऱ्या ठिकाणची असेल. जेझेरोतील ठिपक्यांचे कोडे निधी मिळेपर्यंत तसेच राहील.