पर्सही आपली, फोनही आपला

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी, किंवा नुसतंच ‘आता एकदा येऊन जा’ म्हणून परदेशी जाणाऱ्या बायका आता आमच्या बार्शीसारख्या गावातही नवलाच्या राहिलेल्या नाहीत. गल्लीत दोन-तीन घरं सोडून कुणी ना कुणी अमेरिकेला, दुबईला नाहीतर जर्मनीला जाऊन आलेलं असतं. जायचं ठरलं की महिनाभर आधीपासून घरात गडबड सुरू होते. डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. तेवीस किलोची बॅग काट्यावर तीनदा चढते आणि तीनदा उतरते. या सगळ्या तयारीत एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. त्या बाईच्या पर्समध्ये स्वतःचे पैसे किती, आणि तिच्या हातातला फोन तिथे घराबाहेर चालेल का, हे कुणी विचारत नाही. तीही विचारत नाही.

“लेकीकडेच तर चाललेय, मला पैसे कशाला लागतायत?” हे वाक्य आमच्या महिला मंडळात मी कितीतरी वेळा ऐकलंय. आणि फोनचं म्हणाल तर, “त्यांच्या घरात वायफाय आहे की!” माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. आपल्या गावात एक वेळ बिनपैशाचं आणि बिनफोनचं निभतं. वाणी ओळखीचा असतो, रिक्षावाला ‘नंतर द्या’ म्हणतो, शेजारची सून आपल्या फोनवरून फोन लावून देते. परक्या देशात यातलं काहीच नसतं. म्हणून तिथे तर या दोन गोष्टी स्वतःच्या हातात असायलाच हव्यात. ही चैन नाही, गरज आहे.

आधी फोनचंच घेऊ. आमच्या मंडळातल्या एक काकू, वय एकसष्ट, टेक्सासला मुलाकडे गेल्या होत्या. मुलगा-सून दोघं कामावर. घरात वायफाय होतं, त्यामुळे रोज काकांशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. सगळं छान चाललेलं. एका सकाळी दोन महिन्यांच्या नातवाला बाबागाडीत घालून त्या जरा फिरायला निघाल्या. तिथली घरं एकासारखी एक, रस्तेही तसेच. दोन वळणं घेतली आणि परतीची वाट सापडेना. फोन हातात, मुलाचा नंबर फोनमध्ये, पण घराचं वायफाय मागे राहिलेलं आणि भारतातल्या सिमवर रोमिंग नाही. फोन मुका! रस्त्यावर चिटपाखरू नाही, ऊन चढत चाललेलं, बाळ रडायला लागलेलं. पाऊण तासाने कुत्र्याला फिरवायला निघालेली एक बाई दिसली. तिने स्वतःच्या फोनवरून मुलाला फोन लावून दिला. काकू आता हा प्रसंग हसत हसत सांगतात. मला मात्र ऐकताना हसू येत नाही. त्या दिवशी ती बाई दिसली नसती तर?

वायफाय म्हणजे फोन नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. वायफाय त्या घरापुरतं. उंबरा ओलांडला की संपलं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप सगळं काही करत नाही. अमेरिकेत ९११ हा पोलिस, अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन यांचा मदतीचा नंबर आहे. कुठलंही पॅक नसलेल्या मोबाइलवरूनही तो लागला पाहिजे असा तिथला नियम आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून तो लागत नाही. युरोपात ११२. दुबईला गेलात तर तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉलवर मात्र निर्बंध आहेत. म्हणून जिथे जाल तिथल्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम घ्यावं. अमेरिकेत महिन्याला दहा-पंधरा डॉलरपासून ती मिळतात. थोडेच दिवस जायचं असेल तर आपल्याच कंपनीचा परदेशी रोमिंगचा पॅक निघण्यापूर्वी टाकून घ्यावा. पॅक नसेल तर ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावं, नाहीतर बिल पाहून घेरी यायची.

आणि एक लक्षात ठेवा. भारतातलं सिम काढून डबीत ठेवायचं नाही. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये दोन सिम बसतात, दोन्ही राहू द्या. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणालातरी दिला जातो. सहा महिन्यांनी परत यावं आणि बँकेला जोडलेला आपला नंबर परक्याच्या खिशात असावा, ही काही गंमत नाही. निघताना पुरेसं रिचार्ज करून जा आणि मेसेज येण्यापुरतं तरी रोमिंग सुरू ठेवा.

आता पैशांचं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी रीत पाळणाऱ्या आज्या आपण पाहिल्यात. ती रीत गेली, बरं झालं. पण मनातला संकोच काही गेलेला नाही. लेकीकडे पैसे मागायचे, तेही जावयासमोर, या विचारानेच बाईचा जीव अर्धा होतो. मग ती मागतच नाही. गुडघ्याचा पट्टा हवा असतो, ती वेदना सोसते. देवळात गेली तर पेटीत टाकायला हातात काही नसतं. एका मावशींनी मला सांगितलं, “नातवाला एक मोटार आवडली होती गं. हातात घेतली आणि परत ठेवली. त्याच्याच बापाच्या पैशाने त्याला खेळणं काय द्यायचं?” लेक-जावई वाईट होते का? मुळीच नाही. त्यांना सुचलं नाही आणि मावशी बोलल्या नाहीत.

“मुलं काही कमी पडू देत नाहीत” हे खरंच आहे. पण कमी न पडणं वेगळं आणि आपल्या मर्जीने दहा डॉलर खर्च करता येणं वेगळं. ज्या घरी आपण पहाटे उठून बाळाला न्हाऊ-माखू घालतो, बाळंतिणीचं पथ्यपाणी सांभाळतो, त्या घरी आपण हात पसरणाऱ्या असू नये. तिथे आपण आजी म्हणून जातो, आश्रित म्हणून नाही.

२०२३ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीला सहा आठवडे जाऊन आले. आई थकलेली, म्हणून तिच्या जागी मी. माझ्या शिकवण्यांचे आणि भिशीचे साठलेले पैसे होते. त्यातून डॉलरचं प्रीपेड कार्ड घ्यायला बँकेत गेले, तर टेबलावरच्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, “मिस्टर नाही आले?” मी म्हटलं, “जाणार मी आहे, खातं माझं आहे, ते कशाला येतील?” साहेब जरा गोरेमोरे झाले, पण काम झालं.

नियम आपल्या बाजूने आहेत, हे त्या दिवशी मला नीट कळलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशासाठी वापरता येते. आपल्याला त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. पण ‘प्रत्येक व्यक्तीला’ हा शब्द पाहा. कुटुंबामागे नाही की नवऱ्यामागे नाही. त्यासाठी पॅन कार्ड मात्र स्वतःचं हवं. बहुतेक देशांना जाताना एका फेरीला तीन हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, बाकीचे कार्डावर. आपले रुपये पंचवीस हजारांपर्यंत जवळ ठेवता येतात, परतताना विमानतळावरून गावी यायला ते उपयोगी पडतात. उरलेलं परकीय चलन परतल्यावर १८० दिवसांच्या आत बँकेत द्यायचं असतं, दोन हजार डॉलरपर्यंत मात्र स्वतःजवळ ठेवता येतं.

आपलं नेहमीचं डेबिट कार्ड घेऊन जाणार असाल तर आधी बँकेत विचारा. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या देशात चालू असतात. परदेशासाठी ती आपण सांगून किंवा अ‍ॅपमधून सुरू करावी लागतात. साधं रुपे कार्ड तिकडे चालेलच असं नाही. यूपीआय नेपाळ, भूतान, सिंगापूर, श्रीलंका, दुबई अशा काही ठिकाणी दुकानांत चालतं, पण अमेरिकेतल्या दुकानात ते चालेल या भरवशावर जाऊ नका. मशीनवर ‘रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये’ असा प्रश्न आला तर तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले तर बदलाचा दर सहसा महाग पडतो. आणि कार्डामागचा परदेशातून लावायचा नंबर वहीत लिहून ठेवा. बँकेचे १८०० वाले फुकटचे नंबर बाहेरून बहुधा लागत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे, ते बघा. आमच्या बचत गटात पाहिलं तर निम्म्याअधिक बायकांच्या खात्याला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर! खातं बाईचं, ओटीपी त्यांच्याकडे. बाई न्यू जर्सीत हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजता कार्ड सुरू करायला बसली, तर तेव्हा बार्शीत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. ओटीपी सांगायला उठवणार कुणाला? आणि ही अडचण काही परदेशापुरती नाही. जाण्याच्या निमित्ताने लक्षात येते, एवढंच.

तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच लेकीला बरोबर घेऊन एकदा दुकानात जा आणि पैसे स्वतः द्या. अमेरिकेतल्या डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या, एकची आणि शंभरची हाताला सारखीच लागते. वाचून मग द्यायची. दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान असतं. बऱ्याच ठिकाणी वस्तूवर लिहिलेल्या किमतीत कर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढतो. न्यू जर्सीत कपड्यांना कर नाही, पण बाकी बऱ्याच वस्तूंना ६.६२५ टक्के आहे. चार वेळा केलं की जमतं. प्रत्येक किंमत रुपयांत गुणून बघायची आपली सवय मात्र विमानातच सोडून द्यावी, नाहीतर कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेववत नाही.

सार्वजनिक ग्रंथालयं हा तिथला मला सर्वांत आवडलेला भाग. आत जाऊन बसायला पैसे पडत नाहीत, वायफाय फुकट असतं. बहिणीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक होतं. दुपारी बाळ-बाळंतीण निजली की मी तिथे जाऊन बसायची, घरी मेसेज पाठवायची, आपलं वर्तमानपत्र वाचायची. तेवढा एक तास फक्त माझा असायचा. अशा सार्वजनिक वायफायवर बँकेचं काम मात्र करू नये, ते घरी बसून करावं.

परदेशी राहणाऱ्या मुलामुलींनाही एक सांगावंसं वाटतं. आईला विमानतळावरून आणल्यावर दोन दिवसांत तिच्या फोनमध्ये तिथलं सिम घाला. घराचा पत्ता आणि तुमचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा. तिने नको म्हटलं तरी. ती नकोच म्हणणार, कारण तुमचा खर्च वाचवणं हे तिचं जन्माचं व्रत आहे. पण तान्हं बाळ तिच्या हवाली करून तुम्ही दोघं कामावर जाता, तेव्हा घराबाहेरही चालणारा फोन ही तिची हौस उरत नाही, तुमच्या बाळाची सुरक्षितता असते.

आणि मैत्रिणींनो, तिकीट निघेपर्यंत थांबू नका. या आठवड्यात बँकेत जाऊन तीनच गोष्टी विचारा. माझ्या खात्याला नंबर कुणाचा आहे? माझं कार्ड परदेशात चालेल का? माझं पॅन खात्याला जोडलंय का? उद्या लेकीचा फोन येईल, ‘आई, तू येतेस ना?’ तेव्हा लाडवांना डिंक किती घ्यायचा, एवढीच काळजी उरायला हवी.