आधीं कान, मग सनावळी



“इंग्रजी संगीत सगळें सारखेंच वाटतें,” असें वर्गांत वारंवार कानीं पडतें. मौज ही कीं, असें म्हणणारा मुलगा चित्रपटांतील एखादें गीत चार मात्रा ऐकतांच तें आजोबांच्या तारुण्यांतील कीं गेल्या वर्षींचें, हें बिनचूक सांगतो. आपलें निघोजे इंद्रायणीच्या कांठीं. वरच्या अंगास देहू, खालच्या अंगास आळंदी. ओवी, अभंग व लावणी यांतील भेद येथल्या मुलास कोणी फळ्यावर लिहून शिकविलेला नसतो. तेव्हां उणीव कानाची नाहीं, संवयीची आहे.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कालखंड सनावळी घोकून शिकूं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. ते आधीं कानानें ओळखावे, मग सनांच्या खुंटीला टांगावे. आणि ती खुंटी होईल तों आपल्याच इतिहासांतील असावी.

प्रथम एक सूचना. आपला कान तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर चालणाऱ्या एकाच स्वरमालिकेचा मागोवा घेतो. त्यांच्याकडे अनेक स्वरपंक्ती एकाच वेळीं चालतात. म्हणून ऐकतांना सर्वांत खालच्या आवाजाकडे लक्ष द्यावें. तो काय करतो यावरून पुष्कळ उलगडा होतो.

एकनाथमहाराज १५९९ मध्यें निवर्तले. रोमचा पॅलेस्ट्रिना १५९४ मध्यें. त्याच्या रचनांत बहुधा नुसते कंठ ऐकूं येतात. चारपांच आवाज समान मानानें एकमेकांत विणले जातात, कोणी मुख्य नाहीं, कोणी साथीदार नाहीं. हा प्रबोधनकाल होय.

१६०७ मध्यें माँटेवर्डीचें ‘ऑर्फेओ’ हें संगीतनाटक झालें. तेथून सुमारें १७५० पर्यंतचा काळ बरोक. शिवछत्रपतींच्या निधनानंतर पांच वर्षांनीं, १६८५ मध्यें, बाख व हँडेल हे दोघेही जन्मले, एवढें ध्यानांत ठेविलें कीं पुरे. येथें हार्पसिकॉर्ड ऐकूं येतो. त्याच्या तारा छेडल्या जातात, म्हणून नाद टोकदार व किणकिणता असतो. खालचा आवाज वाटसरूसारखा न थांबतां चालतो, आणि एका तुकड्यांत बहुधा एकच भाव शेवटपर्यंत टिकतो.

१७६१ हें पानिपतचें वर्ष आपण विसरत नाहीं. त्याच वर्षीं हायडन एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीस लागला. त्याच्या व मोझार्टच्या संगीतांत वाक्यें आटोपशीर होतात. एक चरण प्रश्न करतो, दुसरा उत्तर देतो. चाल वर स्पष्ट, साथ खालीं हलकी. तारांवर हातोडी मारणारा पियानो पुढें येतो व बोटांच्या दाबानें नाद लहानमोठा होतो. हा विशेष अर्थानें अभिजात काळ.

१८१८ मध्यें पेशवाई संपली. १८२४ मध्यें बेथोवेनची नववी सिंफनी व्हिएन्नांत प्रथम वाजली, आणि तींत वाद्यांबरोबर गायकवृंदही उभा राहिला. बेथोवेन हा पूल समजावा. त्याच्या पलीकडे स्वच्छंदवादी शतक. वाद्यवृंद विशाल होतो, पितळी वाद्यें गर्जतात, लय भावनेबरोबर लांबते व आखडते. शोपँ, वाग्नर, चायकोव्हस्की हे या काळाचे.

१९१३ च्या मे महिन्यांत मुंबईंत फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्याच महिन्यांत पॅरिसांत स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘वसंतबली’ या नृत्यनाट्यानें प्रेक्षागृहांत गोंधळ उडविला. ताल अनपेक्षित ठिकाणीं आदळूं लागला, स्वर एकमेकांस घांसूं लागले, कीं विसावें शतक आलें असें समजावें.

या खुणा म्हणजे कायदा नव्हे. कालखंडांचीं नांवें बहुतेक मागाहून पडलीं. कोणताही रचनाकार उठून “आज बरोक संपला” असें म्हणाला नाहीं. एकदां एक सिंफनी ऐकून मीं ती मोझार्टच्या काळांतील म्हणून छातीठोकपणें सांगितली. ती निघाली प्रोकोफिएव्हची, १९१७ मधील, जुन्या धाटणीवर मुद्दाम रचलेली! मुलें हंसलीं, मीही हंसलों. पण त्या चुकीनें जें शिकविलें तें कोणत्याही तक्त्यानें शिकविलें नसतें.

कोणी विचारील, हें परकें संगीत आपणांस कशाला? तें तितकें परकेंही नाहीं. मुंबईंत मेहली मेहतांनीं १९३५ मध्यें बॉम्बे सिंफनी स्थापिली; त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता जगद्विख्यात वाद्यवृंदसंचालक झाले; आणि २००६ पासून मुंबईंत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण माझें खरें उत्तर निराळें आहे. ख्याल व ठुमरी यांना कोणी परदेशीयानें एकच ‘हिंदी गाणें’ म्हटलें तर आपणांस वाईट वाटतें. मग चार शतकांच्या त्यांच्या श्रमाला आपण ‘इंग्रजी संगीत’ या एका शब्दांत गुंडाळावें, हें न्याय्य आहे काय?

तेव्हां या सुटींत प्रत्येक काळाची एकेक रचना दोनदां ऐका. नांव पाहण्यापूर्वीं काळ कोणता व कशावरून, हें वहींत लिहा. मग पडताळून पाहा. उत्तर चुकलें तरी चिंता नाहीं. ‘कशावरून’ मात्र कोरें सोडूं नका.