लेसरनंतरचा पीएसए : आकडा कसा वाचावा?

वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीवर लेसर शस्त्रक्रिया झाली, लघवी मोकळी होऊ लागली, की फाइल कपाटात जाते. वर्षभराने रक्ततपासणीत पीएसए ३ येतो. अहवालावर '४ पर्यंत सामान्य' छापलेले पाहून घरचे निर्धास्त होतात. तसे होऊ नये.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारे प्रथिन आहे. ग्रंथी जितकी कमी उरते, तितके ते रक्तात कमी येते. होल्मियम लेसरने आतला वाढलेला भाग सोलून काढल्यावर पीएसए बरेचदा १ च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. ग्रीनलाइट लेसरने त्या भागाची वाफ केली जाते. तेव्हा ग्रंथी अधिक उरते आणि घट कमी दिसते.

शस्त्रक्रियेची जखम, लघवीची नळी किंवा जंतुसंसर्ग यांमुळे आकडा काही काळ चढतो. म्हणून पहिली तपासणी साधारण ३ महिन्यांनी करावी. तपासणीआधी २ दिवस शरीरसंबंध व सायकल चालवणे टाळावे. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्या काही महिन्यांत पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतात. त्या चालू असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.

कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात होतो आणि तो भाग शस्त्रक्रियेनंतरही शिल्लकच असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर स्थिरावलेला नीचांकी आकडा हाच यापुढचा मापदंड. तो ०.८ वरून २ वर गेला, तर 'चारच्या आत आहे' म्हणून गप्प न बसता मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. सगळे अहवाल तारीखवार जपून ठेवावेत.