ऑनलाईन थेरपीबद्दल थेरपिस्टना काय वाटतं? बोरगाव मेघेत अडचण नेटची की बंद दाराची?

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेतून मानसोपचारासाठी फार लांब जावं लागत नाही. सावंगी मेघेत आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. दोन्ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आणि दोन्हीकडे मानसोपचार विभाग. मग इथल्या माणसाला मोबाईलवरची थेरपी कशाला हवी?

कारण हे अंतर फक्त किलोमीटरचं नसतं. मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, ही धास्ती अनेकांना घरीच थांबवते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजाराच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. डॉक्टरांची कमतरता हे त्याचं एक कारण. लाज हे दुसरं.

ऑनलाईन थेरपी या दुसऱ्या कारणावर थेट उपाय करते. पण ती देणाऱ्यांना ती कितपत पटते?

आधी नकार, मग नाइलाज, मग स्वीकार

कोरोनाआधी बहुतेक थेरपिस्ट स्क्रीनवरच्या उपचारांकडे साशंकपणे बघायचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि पर्यायच उरला नाही. त्याच काळात उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या थेरपिस्टचा एक अभ्यास झाला. बहुतेकांचं मत अनुकूल होतं. पण प्रत्यक्ष सेशनपेक्षा जास्त थकवा येतो, स्वतःवरचा विश्वास कमी वाटतो आणि समोरच्याशी तितकं जोडलं जात नाही, असंही त्यांनी सांगितलं.

गंमत म्हणजे, व्हिडिओवर जुळलेल्या नात्याला रुग्ण अनेकदा थेरपिस्टपेक्षा जास्त गुण देतात. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांत व्हिडिओवरच्या थेरपीचा परिणामही प्रत्यक्ष थेरपीच्या जवळपास जातो, असं बरेच अभ्यास सांगतात.

मग त्यांना भीती कशाची वाटते?

पहिली, न दिसणाऱ्या गोष्टींची. हाताची थरथर, पायांची अस्वस्थ हालचाल, खोलीत शिरतानाची चाल हे कॅमेऱ्यात येत नाही. शांतताही फसवी असते. समोरचा विचार करतोय की नेट अडकलंय, हे कळत नाही.

दुसरी, आणीबाणीची. सेशनमध्ये कुणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला आणि फोन कट झाला, तर मुंबईत बसलेल्या थेरपिस्टने बोरगाव मेघेत मदत कशी पोहोचवायची? म्हणूनच रुग्णाचा पत्ता, जवळच्या नातेवाइकाचा नंबर आणि जवळचं हॉस्पिटल सुरुवातीलाच लिहून घेणं ही चांगली पद्धत मानली जाते.

तिसरी भीती एकांताची. दोन खोल्यांच्या घरात सासू स्वयंपाकघरात आणि मुलं टीव्हीसमोर असतील, तर सून नवऱ्याबद्दल काय बोलणार? मोबाईलच नवऱ्याचा असेल तर? क्लिनिकमध्ये दार बंद करणं थेरपिस्टच्या हातात असतं, ऑनलाईन सेशनमध्ये ते नसतं.

नियम काय सांगतात?

टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० मध्ये आली, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. सायकिअॅट्रिस्ट त्यात येतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकांना नियमांखाली आणण्यासाठी २०२१ मध्ये कायदा झाला. तरीही इन्स्टाग्रामवर 'थेरपिस्ट' लिहिणारा प्रत्येकजण प्रशिक्षित असेलच असं नाही. त्यामुळे शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही.

बोरगाव मेघेसाठी याचा अर्थ काय?

'ऑनलाईन की प्रत्यक्ष' हा वाद इथे फारसा उपयोगाचा नाही. दुर्गम भागात ऑनलाईन हाच एकमेव पर्याय असू शकतो. इथे मात्र दोन्ही जोडता येतात. पहिलं बोलणं फोनवर करावं, म्हणजे लाजेचा उंबरठा ओलांडला जातो. तपासणी, औषधं किंवा तातडीची गरज असेल तेव्हा सावंगी किंवा सेवाग्राम गाठावं. थेरपिस्टची सगळ्यात मोठी काळजी, म्हणजे संकटात मदत कोण करणार, तिचं उत्तर इथे जवळच आहे.

सरकारची टेलि-मानस सेवा साधारण याच रचनेवर चालते. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या या सेवेचा नंबर १४४१६. ती मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मात्र हे दर आठवड्याला त्याच थेरपिस्टशी होणारं सेशन नाही. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञांकडे पाठवतात.

बंद दाराचा प्रश्न मात्र कुठलंही अॅप सोडवू शकत नाही. तो घरातल्यांनाच सोडवावा लागेल. घरातलं कुणी "तासभर मला एकटं बोलू द्या" म्हणालं, तर कारण न विचारता टीव्हीचा आवाज थोडा वाढवून बाहेर बसणं, हीसुद्धा उपचाराला केलेली मदतच आहे.

स्वतःच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर वाट पाहू नका. १४४१६ वर लगेच फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा.