गृहोपयोगी गोष्टी : हातकागदाची कड आणि छापाचा समास

गेल्या महिन्यांत आर्वीच्या आमच्या घरीं मुंजीच्या निमंत्रणपत्रिका घरच्याच प्रिंटरवर छापण्याचा घाट आम्हीं घातला. कागद वर्ध्याहून हौसेनें आणलेला हातकागद. ताव मोजके पन्नास. पहिल्या सहा पत्रिकांवर मजकूर तिरपा उतरला आणि सातवीवर बटूच्या आजोबांच्या नांवाचें पहिलें अक्षरच कडेबाहेर गेलें. आजोबा म्हणजे आमचे तीर्थरूप. आपल्या हयातींतली ही शेवटचीच मुंज, असें ते म्हणत होते.

यंत्राला दोष देऊन आम्ही मोकळे झालों होतों. पण दोष निघाला कागदाचा, आणि थोडासा आमचा.

१९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हांपासून तेथें हातकागदाचें कौतुक आहे. हा कागद करतांना पाण्यांत कालवलेला लगदा चौकटींतल्या जाळीवर उचलतात. चौकटीखालीं लगदा किंचित् झिरपतो, म्हणून कड झालरीसारखी येते. ती शोभा खरी. परंतु प्रिंटरच्या ट्रेमधील सरकत्या पट्ट्या कागदाच्या कडेलाच टेकून त्यास सरळ धरतात. कडच वांकडी, तर रोलर कागद तिरपाच ओढणार!

यास्तव लोखंडी पट्टी व गुण्या घेऊन दोन्ही बाजूंच्या कडा समांतर कापाव्या, आणि जी कड आंत आधीं जाते तीहि त्यांच्याशीं काटकोनांत. चौथी झालरीची राहूं द्यावी. हौस तेवढ्यावर भागते. मागून कागद घालण्याची सोय असल्यास तेथूनच एकेक ताव घालावा. जाड कागद आंत वळवून नेणारा मार्ग टाळलेला बरा. पावसाळ्यांत कागद ओल धरून वळतो; त्यास रात्रभर जड ग्रंथाखालीं ठेवावें.

आमची चूक मापाची. संगणकांत अमेरिकेंतील ‘लेटर’ हें माप, २१६ × २७९ मिलीमीटर, तसेंच राहिलें होतें. आपला ए-फोर २१० × २९७. शिवाय कडा कापल्यावर कागद आणखी लहान होतो. तेव्हां पट्टीनें मोजलेलेंच माप भरावें. बहुतेक घरगुती यंत्रें कडेची तीन-चार मिलीमीटर जागा कोरीच सोडतात, म्हणून समास निदान बारा मिलीमीटर असावा. आधीं त्याच मापाच्या रद्दी कागदावर छापून, तो हातकागदावर ठेवून खिडकीशीं उजेडांत पाहावा. हें आम्हांस सात ताव गेल्यावर सुचलें.

उरलेल्या पत्रिका सरळ निघाल्या. सातवी मात्र तीर्थरूपांनीं टाकूं दिली नाहीं. गेलेलें अक्षर टांकानें बारीक लिहून त्यांनीं तीच देवापुढें ठेवली.