मालकी आपोआप मिळते, पुरावा मात्र जपावा लागतो

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव. आपली तरुण मुले-मुली आज मोबाइलवर रोज काही ना काही तयार करतात: गाणी, रील, कार्यक्रमांची चित्रीकरणे. ती नाव पुसून दुसऱ्याच्या खात्यावर फिरू लागली की प्रश्न पडतो, हे माझे आहे हे सिद्ध कसे करू? त्यावर उपाय म्हणून खासगी ‘मालकी प्रमाणपत्रे’ विकली जातात. पैसे मोजण्याआधी कायदा समजून घेऊ.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार निर्मिती होताच हक्क निर्माण होतो. सरकारी नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. खासगी प्रमाणपत्राला तो दर्जा नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेले फोटो किंवा चित्रफीत, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याच्या मालकीची होते. म्हणून लग्नाची ऑर्डर घेतानाच दोन ओळी लिहून घ्या.

हक्क सोडतानाही लेखी हवे. सेवाग्राम हे घर असलेल्या काळात, १९४० मध्ये, गांधीजींनी आपल्या लेखनाचे हक्क मृत्युपत्राने नवजीवन ट्रस्टला दिले. २००८ अखेर मुदत संपेपर्यंत हक्क कोणाचे, हे त्यामुळे स्पष्ट राहिले.

आता पुराव्याचे पाहू. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला होता का, असा वाद झाला. कार्यालयातील चित्रीकरण मिळाले, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र दिले नाही. या खोतकर-गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले: मालकाने मूळ उपकरणच हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही, प्रत द्यायची तर लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ही नोंदवायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये जराही बदल झाला की ठसा बदलतो.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ कमाईचा नाही. जुना व्हिडिओ कापून, नव्या गावाचे नाव चिकटवून मुस्लिम तरुणांवर बोट दाखवले जाते, तेव्हा खरे काय घडले हे मूळ, अखंड फाइलच सांगू शकते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केली जाते, तिच्यासोबतची माहितीही गळते. म्हणून मूळ फाइल पुसू नका. तिची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, हॅश आणि तारीख लिहून ठेवा.

मित्रांनो, हीच शिस्त दुसऱ्यांच्या निर्मितीबाबतही पाळायला हवी. कोणाचा फोटो किंवा आवाज वापरायचा असेल तर आधी विचारा, मग नाव द्या. जो दुसऱ्याचा हक्क मानतो, त्याच्या स्वतःच्या हक्काच्या मागणीला वजन येते.