लढाई परमुलखांत, हिशेब चुलीपाशीं

लढाई जिंकून देणाऱ्या पुढाऱ्यास मत मागावें लागत नाहीं, तें आपसुक त्याच्या पदरांत पडतें, अशी कित्येक मुत्सद्द्यांची समजूत असते. ही समजूत विलायतेच्या मतदारांनीं १९४५ सालीं कशी मोडली, तें आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं एकदां नीट समजून घ्यावें.

त्या सालीं मे महिन्यांत जर्मनीनें शरणागति पत्करली. चर्चिलसाहेबांचा जयजयकार चालला होता. ५ जुलैस मतदान झालें. शिपायांचीं मतें देशोदेशींहून यावयाचीं, म्हणून मोजणी लांबली आणि २६ जुलैस निकाल बाहेर पडला: मजूर पक्षास ३९३ जागा, आणि मुख्य प्रधान ॲटलीसाहेब! मग विलायतेचे लोक कृतघ्न झाले काय? आम्हांस तसें मुळींच वाटत नाहीं. बाँबनें घरें पडलीं होतीं, शिधा कार्डावर मिळत होता. शिवाय १९१८ सालीं लढाईहून परतणाऱ्या शिपायांस चांगल्या घरांचें वचन मिळालें होतें, आणि पुढें १९३० नंतर लाखों मजूर बेकार बसले. ज्या मायबहिणींनीं तें सोसलें, त्या विसरल्या नव्हत्या. आजारपण, बेकारी व म्हातारपण यांसाठीं सर्वांस विमा असावा, असा बेव्हरिज यांचा रिपोर्ट १९४२ सालीं निघाला, तेव्हां तो विकत घेण्यास लोकांनीं रांगा लावल्या. सरकारी रिपोर्टासाठीं रांग! आपल्याकडे तो रद्दीवाल्याखेरीज कोण घेतो? निवडणुकींत चर्चिलसाहेबांनीं रेडिओवरून भय घातलें कीं, विरोधकांचें राज्य आलें तर जर्मनीसारखे गुप्त पोलीस येतील. मतदारास भय होतें तें बेकारीचें.

आतां आपल्या घराकडे वळूं. रशिया व युक्रेन यांची लढाई फेब्रुवारी २०२२ मध्यें जुंपली. आमच्या शिवारांत तोफेचा आवाज आला नाहीं. सूर्यफुलाच्या तेलाचा डबा मात्र महागला, कारण तें तेल मुख्यत्वें त्याच दोन मुलखांतून येत होतें. पोटॅशच्या पोत्याचीही तीच गत. पुढें शहरांतील महागाईच्या भयानें ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली. ती बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, तीही ४० टक्के जकात लादून! आणि नाशिक-दिंडोरीचें मतदान होतें २० मे रोजीं. दोन्ही जागा सरकारपक्षाच्या हातच्या गेल्या. दिंडोरींत तर केंद्रांतील राज्यमंत्रीच पडल्या. कांदा सडल्यावर कुलूप काढणाऱ्यास मत कोण देणार?

परंतु सहाच महिन्यांनीं, नोव्हेंबर २०२४ मध्यें, त्याच नाशिक जिल्ह्यानें विधानसभेस त्याच पक्षांस भरभरून मतें दिलीं. तोंवर बहिणींच्या खात्यांत दरमहा १५०० रुपये पडूं लागले होते. यावरून कित्येक शहाणे आमच्या बायकांस हंसतात. आम्ही हंसणार नाहीं. जिच्या हातांत आजवर स्वतःचा म्हणून पैसा आला नाहीं, तिला त्या रकमेचें मोल हंसणारांहून अधिक कळतें. मात्र त्याच घरांत कांद्याच्या भावांत किती गेलें आणि खात्यांत किती आलें, हा हिशेब नवराबायकोनें एकाच पाटावर बसून मांडावा. लिहितां येत नसेल तर शाळेंतल्या पोरास बसवावें.

आणि उमेदवार पारावर येऊन परमुलखींच्या लढायांच्या गोष्टी सांगूं लागला, तर त्यास पाण्याचा तांब्या द्यावा, गोष्ट पुरती ऐकून घ्यावी, आणि विचारावें: दादा, पुढच्या वेळीं निर्यातीस कुलूप पडेल, तेव्हां बाजार समितीच्या आवारांत ट्रॅक्टर लावून बसलेल्या माणसाची नुकसानी कोण भरून देणार?